विंडोज १० चे अपडेट थांबले, लॅपटॉप ठणठणीत आहे, पंधरा वर्षांच्या मराठी फायली आहेत : लिनक्सवर जाऊ का?

मेणवलीकर (९ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी अनुवादाचं काम करते, वाईला राहते. लॅपटॉप २०१६ चा आहे. आय-५, सहावी पिढी, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, बाजूला डीव्हीडी ड्राइव्ह. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे अपडेट थांबले. अकरा त्यावर चढत नाही, कारण काही अपवाद सोडले तर त्याला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. दुकानदाराने बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हा आता भंगारात." मला हे पटत नाही. कीबोर्ड चांगला आहे, पडदा स्वच्छ आहे, बॅटरी दोन वर्षांपूर्वी बदलली. चालती वस्तू दुसऱ्या कुणी तारीख ठरवली म्हणून टाकून द्यायची, हे जिवावर येतं.

भाचा म्हणतो, विंडोज काढून लिनक्स ही मोफत सिस्टिम टाक. माझ्या अडचणी अशा :

मी इनस्क्रिप्टने (भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलकाने) टाइप करते, बोटांना तीच सवय आहे. तिथे ते मिळेल का? प्रकाशकांकडून वर्डच्या फायली येतात, त्यात संपादकांनी केलेले बदल रंगीत दिसतात आणि ते मान्य-अमान्य करून परत पाठवायचे असतात. तेही जमायला हवं.

आणि सर्वांत मोठी काळजी म्हणजे २०१० ते २०१६ पर्यंतचं माझं काम युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण सांकेतिक पद्धतीत, नाही. थोडं श्री-लिपीत, थोडं आयएसएममधल्या सुरेख फॉन्टमध्ये, म्हणजे जुन्या मराठी टायपिंग प्रोग्रामांत. त्यात माझा स्वतःचा परिभाषेचा कोश आहे, शब्द-शब्द जमवलेला. तो उघडलाच नाही तर?

रात्रपाळी (९ नोव्हेंबर)

आधी हार्ड डिस्क काढा आणि एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाका. लिनक्स की विंडोज हा प्रश्न त्यानंतर. साध्या डिस्कवर दोन्ही रडतील.

साळुंकी (९ नोव्हेंबर)

रात्रपाळी +१. माझ्या २०१४ च्या लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची साटा एसएसडी टाकली. आधी चालू करून चहा टाकायला जायचे, आता चहाला वेळच मिळत नाही.

हिशेबनीस (१० नोव्हेंबर)

नाशिकला करसल्लागार आहे. मी उलट्या बाजूने सांगतो, कारण अशा धाग्यांवर सगळे लिनक्सचं कौतुकच करतात आणि नवीन माणूस तोंडघशी पडतो.

मी २०२२ मध्ये ऑफिसातली तीन मशिनं उत्साहाने लिनक्सवर नेली. पहिला आठवडा छान गेला. ब्राउझर तोच, मेल तेच, रिटर्न भरायची संकेतस्थळं उघडतात. मग टॅली. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून ते लिनक्सवर सुरू होतं, पण अशिलाचा डेटा अशा जुगाडावर ठेवायची माझी हिंमत झाली नाही. दुसरं, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन. त्याचा ड्रायव्हर शोधून बसवला, सही करणारं सॉफ्टवेअर त्याला ओळखेना. रिटर्नची शेवटची तारीख दोन दिवसांवर. रात्री अकरा वाजता एका मशीनवर परत विंडोज टाकलं.

त्यामुळे माझं म्हणणं असं की सिस्टिम निवडताना तिच्या रूपाकडे बघू नका. तुमचं पोट ज्या तीन-चार प्रोग्रामांवर आहे त्यांची यादी कागदावर काढा. त्यातला एक जरी अडला तरी घाई करू नका. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ दिलेली आहे. त्यासाठी खात्यात साइन इन करून नाव नोंदवावं लागतं. वर्षभर तरी डोक्याला ताप नाही.

तिसरी_घंटा (१० नोव्हेंबर)

एवढं कशाला? रुफस नावाच्या प्रोग्रामने विंडोज ११ चा पेन ड्राइव्ह बनवा, त्यात टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) अट काढून टाकायचा पर्याय येतो. माझ्या पाचव्या पिढीच्या मशीनवर अकरा मजेत चालू आहे.

रात्रपाळी (१० नोव्हेंबर)

@तिसरी_घंटा, चालतं हे खरं आहे. पण अट न पाळणाऱ्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही. स्वतःचा खेळाचा संगणक असेल तर करा. ज्यावर प्रकाशकाची मुदत पाळायची आहे त्यावर मी करणार नाही.

ताई, तुमच्यासाठी माझा सल्ला लिनक्स मिंट. तिची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. सिनॅमन आवृत्ती घ्या, खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, तुम्हाला परकं वाटणार नाही. आणि लगेच बसवू नका. पेन ड्राइव्हवर टाकून लाइव्ह चालवा. लॅपटॉप चालू करताना बूट मेनूत जाऊन पेन ड्राइव्ह निवडायचा. डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, टायपिंग, सगळं तपासा. पेन ड्राइव्ह काढून परत चालू केलंत की विंडोज होतं तसं.

जुळारी (११ नोव्हेंबर)

खऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. मी डीटीपीत आहे, सुरुवात खिळ्यांपासून केली.

मेणवलीकर ताई, तुमच्या जुन्या फायलींत मराठी अक्षरं नाहीतच. त्यात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली आहेत आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. फॉन्ट काढून घेतला की कचरा दिसतो तो याचसाठी. ही अडचण लिनक्सची नाही. उद्या नवाकोरा विंडोज ११ चा लॅपटॉप घेतलात आणि तो फॉन्ट टाकला नाहीत तर तिथेही कचराच दिसेल.

वाचण्यापुरता प्रश्न सोपा आहे. जुन्या मशीनच्या फॉन्ट फोल्डरमधल्या टीटीएफ फायली लिनक्सवर कॉपी करा, लिबरऑफिस (वर्डसारखा मोफत प्रोग्राम) त्या बहुतेक वेळा दाखवतं. पण त्या फॉन्टमध्ये नवीन टाइप करायला जो कीबोर्डचा प्रोग्राम लागतो तो विंडोजचा आहे, काहींना डोंगलही लागतो. तो नाद सोडा. ते सगळं युनिकोडमध्ये आणा. आज ना उद्या करायचंच आहे.

रूपांतर करताना नेहमी फसणाऱ्या जागा सांगतो :

ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती कागदावर आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. जोडाक्षर असेल तर रूपांतर करणारा प्रोग्राम वेलांटी नेमकी कुठे न्यायची यात चुकतो. 'स्थिती', 'शक्तिमान', 'व्यक्तिमत्त्व' हे शब्द मुद्दाम तपासा.

रफाराचं उलटं. जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये सगळ्यांत आधी. 'अर्थ', 'सूर्य', 'वर्षांनी' बघा.

मधे आलेले इंग्रजी शब्द. फाइलीत मराठीही इंग्रजी अक्षरांतच असल्यामुळे खरं इंग्रजी कुठलं हे फक्त फॉन्टच्या नावावरून कळतं. तुम्ही मजकूर नुसता कॉपी करून रूपांतराच्या चौकटीत टाकलात की इंग्रजी शब्दांचंही भलतंच मराठी होतं. कोशात तर प्रत्येक ओळीत इंग्रजी असणार. म्हणून आधी लिबरऑफिसच्या शोधा-बदलामध्ये फॉन्टवरून शोधून इंग्रजी शब्दांना खूण करून घ्या.

आणि फायली ज्या फॉन्टमधल्या असतील तोच फॉन्ट रूपांतर करताना निवडा. सुरेखची सांकेतिक रचना वेगळी, श्री-लिपीची वेगळी. श्री-लिपीतही पिढ्या आहेत.

पारोळा_एक्सप्रेस (११ नोव्हेंबर)

जुळारी, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावणार आहे. आमच्या संस्थेच्या स्मरणिकेच्या १२ वर्षांच्या फायली अशाच पडल्यात.

सफरचंद (११ नोव्हेंबर)

मी २०२१ मध्ये विंडोज सोडून मॅकवर आलो. एम-१ चिपचा एअर. चार वर्षांत एकदाही फॉरमॅट नाही, पंखा नाही, बॅटरी दिवसभर. देवनागरी कळफलक आत आहे. पहिला महिना बोटं कंट्रोल शोधत होती आणि तिथे सगळं कमांडवर आहे. पैसे जमत असतील तर ताई, सरळ मॅक घ्या आणि कामाला लागा.

साळुंकी (११ नोव्हेंबर)

सफरचंद, ताईंनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय की त्यांना चालता लॅपटॉप टाकायचा नाही. त्यांना नवीन मशीन घ्यायला सांगणं म्हणजे साडीला फॉल लावायचा विचारलं तर नवी पैठणी घ्या म्हटल्यासारखं झालं.

सफरचंद (११ नोव्हेंबर)

मान्य. तो मुद्दा निसटला माझ्याकडून.

इझारकाठ (१२ नोव्हेंबर)

म्युनिकहून. या शहराची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. २००३ मध्ये म्युनिक महापालिकेने विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं. त्या वेळचे मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर महापौरांचं मन वळवायला स्वतः आले होते. तरी पालिका मागे हटली नाही. 'लिमक्स' नावाने स्वतःची आवृत्ती केली आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक तिच्यावर नेले. मग राजकारण बदललं, तक्रारी वाढल्या, आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा ठराव झाला.

माझे इथले एक शेजारी तेव्हा पालिकेत होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे लोकांना रोजची डोकेदुखी सिस्टिमची नव्हती, बाहेरच्यांशी होणाऱ्या फायलींच्या देवाणघेवाणीची होती. मेणवलीकर ताईंनी संपादकांच्या रंगीत बदलांबद्दल विचारलंय ते म्हणूनच फार योग्य आहे.

आता उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणकांसाठी लिबरऑफिस आणि पुढे लिनक्स असा निर्णय घेतलाय. त्यांनी आधी ऑफिस बदलायला घेतलं, सिस्टिम नंतर. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

डिचोली (१२ नोव्हेंबर)

जर्मनी कशाला, केरळ बघा. मी नोकरीनिमित्त सहा वर्षं त्रिशूरला होतो. तिथल्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात, दहावीची आयटीची परीक्षाही त्यावरच होते. माझ्या मुलीने पहिला संगणक बघितला तोच लिनक्सचा. गोव्यात परत आल्यावर विंडोज दिसलं तेव्हा तिने विचारलं, "यात प्रोग्राम कुठून उतरवायचे? एकच दुकान नाही का?"

हिशेबनीस (१२ नोव्हेंबर)

डिचोली, मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून प्रोग्राम उतरवून घेण्यातूनच माझ्या अशिलांच्या मशीनमध्ये निम्मी घाण येते. एवढी गोष्ट लिनक्सची मला मनापासून आवडली होती.

शिरवळ_नाका (१३ नोव्हेंबर)

एक कळकळीची सूचना. बॅकअप. बॅकअप. बॅकअप.

मी दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर ठेवायला गेलो. बसवताना 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय आणि 'विंडोजच्या शेजारी बसवा' हा पर्याय एकाखाली एक येतात. रात्रीचा एक वाजला होता, पहिल्यावर टिचकी मारली. वडिलांच्या पंच्याहत्तरीचे फोटो गेले. काही फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून परत मिळवले, पण ते बारीक झालेले. वडील आता नाहीत.

आणि ज्यांच्या लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू आहे त्यांनी आधी त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. बूटची मांडणी बदलली की ती मागितली जाते.

मेणवलीकर (१३ नोव्हेंबर)

शिरवळ_नाका, वाचून पोटात कालवलं. तुमच्या प्रतिसादानंतर लगेच उठून बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवायला लावलंय. कोश दोन ठिकाणी ठेवते आहे.

रात्रपाळी (१३ नोव्हेंबर)

ताई, तुमच्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह आहे ना? मग एकाच डिस्कचे तुकडे करायची गरजच नाही. नवी एसएसडी मुख्य जागी बसवा. डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी (डिस्क ठेवायची चौकट) बसवा आणि जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट त्या कॅडीत. लिनक्स बसवताना जुनी डिस्क काढूनच ठेवा, म्हणजे चुकीची टिचकी बसली तरी पुसायला काही हाती लागणार नाही. नंतर कॅडी परत आत सरकवायची. विंडोज हवं असेल त्या दिवशी बूट मेनूतून ती डिस्क निवडा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला त्या डिस्कवर लिहिता येत नाही. दुसरं, विंडोज इंटरनेटला जोडू नका.

साळुंकी (१३ नोव्हेंबर)

आणि घड्याळ! लिनक्स मशीनमधलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज तीच वेळ आपली समजतं. त्यामुळे विंडोज साडेपाच तास मागे दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं सेल गेला. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे, रात्रपाळी सांगतीलच.

मेणवलीकर (२३ नोव्हेंबर)

दहा दिवसांनी येते आहे, मधे एका पुस्तकाची मुदत होती.

पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून बघितलं. वायफाय दिसेना. घाबरले, मग भाच्याने फोन यूएसबीने जोडला आणि फोनचं इंटरनेट मशीनला दिलं. ड्रायव्हर मॅनेजर उघडल्यावर वायफायचा ड्रायव्हर त्याने स्वतःच सुचवला. पाच मिनिटांत काम झालं.

इनस्क्रिप्ट आहे! कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट नावाने मिळालं. शिफ्ट-जे ला नुक्तावाला ऱ, डी ला पाय मोडणं, सगळं जिथल्या तिथे. 'दुसऱ्या' एका दमात उमटलं तेव्हा फार बरं वाटलं.

एक खटकलं. लिबरऑफिसमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. पानभर बघून डोळे दुखले.

जुळारी (२३ नोव्हेंबर)

ल आणि श साठी : पर्यायांमध्ये भाषा विभागात जाऊन जटिल लिपीची भाषा हिंदी असेल ती मराठी करा. काही युनिकोड फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि भाषा मराठी सांगितली की फॉन्ट मराठी वळण काढतो. विंडोजवरही हे कित्येकांना माहीत नसतं, वर्षानुवर्षं हिंदी ल घेऊन पुस्तकं छापली जातात. माझ्या हातून तरी तसं पुस्तक जाऊ नये म्हणून मी प्रत्येक फाइलीत आधी भाषा तपासतो.

डिचोली (२३ नोव्हेंबर)

हे आजच कळलं. केलं. दोन्ही अक्षरं बदलली. जुळारी, शतशः आभार.

मेणवलीकर (७ डिसेंबर)

आता पक्की बातमी. एसएसडी बसवली, मिंट बसवलं, जुनी डिस्क कॅडीत आहे. दोन आठवडे सगळं काम त्यावरच केलं.

संपादकांचे रंगीत बदल दिसतात, मान्य-अमान्य होतात, माझ्या टिपा त्यांना वर्डमध्ये दिसल्या. एका फाइलीत तक्ता पानाबाहेर गेला होता, तेवढा हाताने सरकवला. प्रिंटर मात्र चालला नाही. एका कंपनीचा जुना लेझर आहे, रात्रपाळी आणि भाचा दोघांनी फोनवर तास-तास घालवला. प्रिंट काढायची तर जुन्या डिस्कवरून विंडोज चालू करते किंवा पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते. हिशेबनीस, तुम्ही यादी काढायला सांगितली होती ती काढली होती, त्यात प्रिंटर लिहायचा राहिला.

कोशाचं रूपांतर चालू आहे. जुळारींनी सांगितल्याप्रमाणे आधी इंग्रजीला खुणा, मग रूपांतर, मग वेलांट्या. पण एक नवीनच गोष्ट सापडली. 'दुसऱ्या' शोधलं तर जुन्या, रूपांतर केलेल्या नोंदी सापडतच नाहीत, डोळ्यांना मात्र शब्द सारखाच दिसतो. असं का?

जुळारी (७ डिसेंबर)

कारण तो ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिता येतो. तुम्ही इनस्क्रिप्टने नुक्तावाला ऱ आणि हलन्त देता. रूपांतर करणारा प्रोग्राम साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देतो. आकार एकच, आतलं लेखन वेगळं, म्हणून शोध चुकतो. उपाय सोपा आहे. जुन्या नोंदीतला फक्त तो अर्धा र जोडचिन्हासकट कॉपी करा, शोधाच्या रकान्यात चिकटवा, बदलाच्या रकान्यात तुमचा ऱ् टाइप करा आणि सगळीकडे बदला. हा तुकडा मराठीत दुसऱ्या कशासाठी येत नाही, त्यामुळे धोका नाही.

हिशेबनीस (८ डिसेंबर)

ताई, प्रिंटर बदलायची वेळ आली तर ज्यावर एअरप्रिंट लिहिलं असेल असा नेटवर्कचा प्रिंटर घ्या. त्याला लिनक्सवर सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. माझ्या तीन मशिनांपैकी दोन अजून लिनक्सवर आहेत, मी वरती लिहायचं राहिलं. स्कॅनिंग आणि पत्रव्यवहार त्यांच्यावर. टॅलीचं मशीन विंडोजचं आहे आणि तसंच राहील.

मेणवलीकर (८ डिसेंबर)

जुळारी, बदललं. १,१४२ ठिकाणी! आता शोध लागतो.

४३ फायली झाल्या, चारशेच्या आसपास उरल्यात. रोज रात्री जेवणानंतर पाच करायच्या असं ठरवलंय. २०११ च्या काही फायलींत ळ च्या जागी चौकोन येतोय. तुम्हाला एक पाठवू का?

जुळारी (८ डिसेंबर)

पाठवा. सोबत फॉन्टची टीटीएफ फाइलही द्या, तिच्यात बघून ळ ला कुठलं चिन्ह दिलंय ते सांगतो. आणि मूळ फायली पुसू नका, रूपांतर झाल्यावरसुद्धा.